फुल तिकीट

"ही हाफ ना, अज्जा?" कंडक्टरनं येसूच्या डोक्यावरून तिच्या आजोबाकडं, पिराजीकडं बघत विचारलं आणि हाफच्या तिकिटाला चिमटा लावायला घेतलासुद्धा.

पिराजीचा पारा चढायला एवढं पुष्कळ होतं. भालकीहून गुलबर्ग्याला जाणारी ती सकाळची पहिली गाडी. अजून अर्धे लोक डुलक्या घेत होते, ते सगळे म्हाताऱ्याच्या आवाजानं जागे झाले.

"हाफ कामून? फुल फाडा. सोळा सरली तिला. दसऱ्यापासनं सतरावं लागलंय."

कंडक्टरनं पोरीकडं नीट पाहिलं. परकर-पोलकं, दोन वेण्या, आणि सीटवर बसली तर पाय काही खाली टेकत नव्हते. येसूनं ते टेकवायला सीटच्या टोकाला सरकून बघितलं आणि मग खिडकीबाहेर तोंड केलं.

"लोक माझ्याशी भांडून हाफ मागतात अज्जा, तुम्ही भांडून फुल मागायलात," कंडक्टर हसला.

"जन्म चौदा ऑक्टोबर छप्पन. आमी तिकडं नागपुरात बाबासाहेबासमोर बावीस प्रतिज्ञा घ्यायलो व्हतो आणि त्याच दिवशी इकडं मेहकरात ही जन्मली. इचारा कुणालाबी!"

"झालं! पिराजीची नागपूर गाडी सुटली," मागच्या सीटवरून भालकी तालुक्यातल्या मेहकरचे किराणा दुकानदार सिद्धराम म्हणाले आणि गावची दोन-चार माणसं खुदखुदली. सिद्धराम माल भरायला गुलबर्ग्याला निघाले होते. ती गोष्ट त्यांनाही तोंडपाठ होती.

चांगुणा पलीकडच्या खिडकीपाशी नवऱ्याशेजारी बसली होती. ती पिराजीची सून, भीमराज मास्तरची बायको. तिचं लग्न झालं त्याच साली पिराजी शहाबादेहून ही पोर खांद्यावर घेऊन आला होता. थोरला मुलगा बळीराम आणि त्याची बायको सरुबाई फरशीच्या खाणीवर पोट भरायला शहाबादेला गेलेली. पोर पोटाशी घेऊन गेली होती दोघं. पटकीच्या साथीत एका आठवड्यात दोघंही गेली. मागं राहिली ती येसू, म्हणजे यशोधरा. आजारानं पार वाळलेली. "पाचवं लागलंय हिला," पिराजी म्हणाला होता. चांगुणा तेव्हा स्वतःच पोरगेली होती. पाच वर्षांचं लेकरू केवढं असतं, तिला काय ठाऊक? तिनं पोर उचलून कडेवर घेतली, ती अजून काही उतरली नव्हती. चांगुणाला स्वतःचं मूल झालं नाही. लोकांनी काय बोलायचं ते बोलून घेतलं आणि तिनं येसूच्या वेण्या घालताना ते विसरून घेतलं.

आणि येसू काही नुसती नात नव्हती. नागपुराहून आल्यावर पिराजीनं घरातली मरीआई उचलून मांजरा नदीच्या डोहात सोडली होती. त्याचं बघून भावकीतल्या सात घरांनी आपापले देव सोडले. तेव्हा सगळं गाव म्हणालं होतं, आई कोपणार, दीक्षेच्या दिवशी जन्मलेली पोर काही ठेवणार नाही. पिराजी चावडीसमोर छाती ठोकून म्हणाला होता, "बघू की, कशी ठेवत न्हाई ते!" पोर जगली. शाळेत गेली. पिराजी तिला बोटाला धरून सात घरांसमोरून मुद्दाम मिरवत न्यायचा.

पण आता सोळा सरली तरी येसू शहाणी झाली नव्हती, तिला न्हाण आलं नव्हतं. तिच्या वर्गातल्या पोरी ताडमाड झाल्या, एक-दोघींची लग्नंही लागली, आणि ही अजून पाचवीतल्या पोरींच्या ओळीत उभी केली तर खपून जाईल अशी. गेल्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला, खायला रेशनची लाल मिलो ज्वारी, तेव्हा चांगुणा मनाची समजूत घालायची की पोटाला नाही म्हणून वाढ नाही. पण पाणवठ्यावरच्या बाया वेगळंच बोलत. 'मरीआईनं पोर नेली न्हाई, पर वाढूबी देईना,' हे चांगुणानं आपल्या कानानं ऐकलं होतं. घागर अर्धी भरलेली तशीच टाकून ती घरी आली होती.

त्यात पार्वतीबाईचा निरोप. पार्वतीबाई म्हणजे पिराजीची थोरली लेक, आळंदजवळच्या मादन हिप्परग्याला दिलेली. तिचा मधुकर बिदरला पोस्टात लागला होता, आणि त्याच्यासाठी मामाची पोर म्हणून येसूला तिनं पाळण्यातच मागून ठेवलं होतं. निरोप असा: गुलबर्ग्याला महिन्यातून एकदा हैदराबादेहून ग्रंथींचे मोठे डॉक्टर येतात. त्यांना दाखवा, मी पण येते. पोर बरी असंल तर माझी. नसंल तर मला मोकळं करा.

दवाखान्याच्या ओट्यावर पार्वतीबाई आधीच येऊन बसली होती. भावाला जयभीम झाला, बापाच्या पायाला हात लावून झाला, आणि मग तिनं येसूला हनुवटीला धरून वर केलं, जणू बाजारात वांगं बघायलीय.

"अगं, वाढ की जराशी! माझ्या मधूच्या खांद्याला तरी लागशील का?"

"लागंल की अक्का, घाई कशाची?" चांगुणा म्हणाली.

"घाई मला न्हाई ग, वयाला हाय. हिच्या बारशाला मी लाल खणाची कुंची शिवली व्हती. मोती लावले व्हते झालरीला, डोळे फुटस्तवर. त्या सरूनं शहाबादेला नेली आणि हरवली! तवाच मला कळलं की त्या घरात पोरीकडं कुणाचं ध्यान न्हाई."

ही कुंचीची रड चांगुणानं दरवर्षी ऐकली होती. मेलेल्या जावेला उत्तर देता येत नाही म्हणून आपणच द्यावं असं तिला प्रत्येक वेळी वाटायचं, आणि प्रत्येक वेळी पिराजीच मध्ये पडायचा. आताही तो खेकसला, "पार्वते, दवाखाना हाय हा! कुंच्या-फिंच्या घरी."

डॉक्टर सोमशेखर तिकडचे, म्हैसूरकडचे. हैदराबादेत शिकलेले. कानडी आणि उर्दू चांगलं, मराठी जेमतेम. भीमराज मास्तर बोलायला पुढं झाला खरा, पण बायकांचं बोलणं कसं बोलावं म्हणून टोपी काढून घालू लागला. शेवटी चांगुणाच पदर सावरून पुढं सरली.

"साहेब, पोरगी अजून शाणी झाली न्हाई."

डॉक्टरांनी येसूकडं पाहिलं. "शाणी नाही? साळीत जात नाही काय? अभ्यास येत नाही?"

आता त्यांची तरी काय चूक! गुलबर्ग्याच्या कानडीत शाणी म्हणजे हुशार, तेवढं त्यांनी नवीन नवीन शिकून घेतलेलं. पण येसूचे कान लाल झाले.

"मी नववीत हाय आणि वर्गात तिसरी आलीय!"

पार्वतीबाईनं तोंडाला पदर लावला. भीमराजनं खाली मान घालून उर्दूत दोन शब्द पुटपुटल्यावर डॉक्टरांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि ते स्वतःच हसले. "चुकलं माझं. बाई, तुम्ही फार शाण्या आहात." येसूला ते पटलं. मग नर्सनं तिला आत नेलं, उंची घेतली, वजन घेतलं, डाव्या हाताचा एक्स-रे काढला. बाहेर डॉक्टर एकेक विचारत होते. लहानपणी मोठा आजार? आई उंचीनं केवढी होती? आई कितव्या वर्षी शहाणी झाली? आईला आणखी मुलं होती का?

"न्हाई जी, ही एकलीच," पार्वतीबाई म्हणाली.

"हिचं वय नक्की? इकडं सगळे एक जून सांगतात. मास्तर देईल ती तारीख."

"ते आमच्याकडं न्हाई," भीमराज मास्तर जरा ताठ होऊन म्हणाला. "हिचा दिवस साऱ्या तालुक्याला माहीत आहे." आणि त्यानं तारीख सांगितली.

"छान! पहिल्यांदाच कुणी मला इतकी पक्की तारीख दिली," डॉक्टर म्हणाले. "फोटो वाळला की दुपारी या."

पिराजी त्या वेळी दारात उभा होता. त्याचं नागपूर कसं सुरू झालं नाही, याचं चांगुणाला नवल वाटलं.

दवाखान्यामागच्या लिंबाखाली त्यांनी भाकरी सोडली. मिलोच्या लालसर भाकरी, शेंगाची चटणी, पार्वतीबाईनं आणलेलं दही. येसू दोन भाकरी खाऊन नळावर हात धुवायला गेली, तिच्यामागं भीमराजही गेला. पिराजीनं मात्र तुकडा मोडून तसाच ठेवला आणि पटका तोंडावर घेऊन आडवा झाला. उताणा, एका पायाचा अंगठा हलवत. विचारात असला की तो असाच हलवायचा.

पार्वतीबाई चांगुणाच्या जवळ सरकली आणि हळू आवाजात म्हणाली, "हे बघ चांगुणे, डॉक्टर डॉक्टरच्या जागी. शुक्रवारी पोरीला घेऊन मांजरेच्या डोहावर ये. मी खण-नारळ आणते. आईची ओटी भरू, चुकलं-माकलं म्हणू. कुणाला कळत न्हाई. अप्पाला तर न्हाईच न्हाई."

"अक्का, काय बोलायलात तुमी? प्रतिज्ञा घेतलेलं घर हाय आपलं."

"प्रतिज्ञा मी बी घेतलीय. पर हिचं पुढं काय? उद्या कुणी हिला पदरात घेईना, तवा प्रतिज्ञा वाढणार हाय का हिला? तुला काय सांगायचं! मूल नसलेल्या बाईला लोक कसं वागवत्यात ते तुला म्या सांगावं लागंल का?"

चांगुणाच्या डोळ्यांत पाणीच आलं. खोटं कशाला सांगा, तिच्या मनानं कच खाल्ली. घरात बाबासाहेबांच्या तसबिरीला रोज सकाळी हात जोडणारी ती, पण येसूला कुणी वांझ म्हणावं, कुणी तिला बारशाच्या, डोहाळजेवणाच्या बाहेर बसवावं, हे तिला सोसणार नव्हतं. स्वतःचं सोसलं होतं तिनं. पोरीचं नाही. "येते," ती म्हणाली. "शुक्रवारी येते. पर कुणाला बोलू नका."

पटका तोंडावर तसाच होता, पण पिराजीच्या पायाचा अंगठा हलायचा थांबला होता. चांगुणाला ते दिसलं आणि तिनं घाईनं भाकरीचं फडकं बांधायला घेतलं.

दुपारी डॉक्टरांनी काळा फोटो उजेडाला धरला. येसूच्या हाताची हाडं पांढरी पांढरी, बारीक. येसू चांगुणाला रेलून स्वतःचाच हात बघत उभी राहिली.

"ही बघा," डॉक्टर उर्दू-मराठीच्या खिचडीत सांगू लागले, "हाडांच्या टोकाला या फटी आहेत ना, यातून वाढ होते. वय झालं की मिटतात. हिच्या अजून उघड्या आहेत. हा हात तेरा वर्षांच्या मुलीचा आहे. तेरा, फार तर साडेतेरा."

"म्हणजे चांगलं का वंगाळ?" पार्वतीबाईनं विचारलं.

"तेरा-चौदाची असती तर काहीच नाही. पण सोळा संपलेल्या मुलीचा हात असा नको. मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, ती साऱ्या शरीराला हुकूम देते. तिचा हुकूम निघत नसेल. किंवा आणखी काही. हैदराबादेला नेऊन राहावं लागेल, रक्त तपासावं लागेल. गोळ्या सुरू कराव्या लागतील, कदाचित पुष्कळ वर्षं."

"आणि... पुढं संसार? लेकरंबाळं?"

येसूकडं पाहून डॉक्टरांनी आवाज उतरवला. "ते आज मी सांगू शकत नाही, बाई."

मग पार्वतीबाई उठली. तिचा चेहरा रडवेला झाला होता, पण ती बोललीच. "भीमा, मला दोष देऊ नको. माझं एकच लेकरू हाय. मी मधूचं दुसरीकडं बघते."

येसूनं चांगुणाच्या पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. तिला मधुकर हवा होता की नव्हता, हे तिला कुणी कधी विचारलंच नव्हतं. पण आपण नको झालोय, हे तिला कळलं. तिचा खालचा ओठ लहान पोरासारखा पुढं आला आणि तिनं तो दातात धरला.

पिराजी तिच्याकडंच बघत होता. भिंतीला धरून तो उठला.

"सायेब," तो म्हणाला, "तुमचा फोटू बरोबर हाय. पोर चौदाची हाय. परवाच्या हुरड्याला चौदा सरली."

"अप्पा, काय बोलायलात?" भीमराज म्हणाला. "छप्पनचा दसरा..."

"छप्पनच्या दसऱ्याला जन्मली ती येसू गेली."

त्यानं ते एवढ्या साध्या आवाजात सांगितलं की पहिल्यांदा कुणाला उमगलंच नाही.

"गेली म्हंजे?" पार्वतीबाई म्हणाली.

"वर्ष भरायच्या आत गेली. मी शहाबादेला बघायला म्हणून गेलो व्हतो, गूळ घेऊन. पोर तापानं फणफणलेली. डॉक्टरकडं न्यायला गाडी बघेपर्यंत माझ्या मांडीवर गेली. भिंत धरून उभी राहायची तवा. मला बघून हसायची." त्याला धाप लागली. "बळीरामनं आणि म्या मिळून खाणीमागच्या माळाला नेली. गावात येऊन सांगायचं असंच मनात व्हतं. पर पाराजवळ आलो तर सगळे बसलेले. एकजण म्हणला, काय पिराजी, नात बरी हाय ना? त्याच्या तोंडावर मला दिसलं, तो कशाची वाट बघायलाय ते. म्हणलो, बरी हाय. तेवढंच बोललो. बरी हाय."

"अप्पा..."

"सात घरं व्हती भीमा माझ्या मागं. पोर मेली म्हणलो असतो तर दुसऱ्या दिवशी सातीच्या सात घरात मरीआई परत आली असती. म्या बळीरामला गप बसवला. सरूला गप बसवली. रडूबी दिलं न्हाई तिला मोकळं. पुढं दीड वर्षानं ही झाली, हुरड्याच्या दिवसांत. सरू म्हणली, हिचं नाव येसूच ठेवू. मग ती दोघंबी गेली, आणि सांगणारं कुणी उरलं न्हाई. मलाबी मग वाटाया लागलं, तीच आलीय परत. सायेब, म्या देव सोडले. तेहतीस कोटी सोडले. पर ती पोर मला सोडता आली न्हाई."

पंखा फिरत होता. डॉक्टरांना सगळं कळलं की नाही कोण जाणे, पण त्यांनी फोटो खाली ठेवला आणि पिराजीसमोर पाण्याचा ग्लास सरकवला.

चांगुणाच्या डोळ्यासमोर एकेक करून सगळं येऊ लागलं. सगळ्या पोरांच्या मागून पडलेले येसूचे दुधाचे दात. शाळेतून ओला परकर घेऊन रडत आलेली येसू, आणि 'सात वर्षांची घोडी झालीस' म्हणून आपण तिच्या पाठीत घातलेला धपाटा. जड घागर उचलत नाही म्हणून 'आळशी' म्हणलेलं. पाच वर्षांची होती ती तेव्हा. पाच!

पार्वतीबाई अजून उभीच होती. तिच्या तोंडून शब्द फुटला तो भलताच.

"अप्पा, माझी कुंची?"

"तिच्याबरोबर दिली," पिराजी म्हणाला. "सरूनं बांधली तिच्या डोक्याला. उघड्या डोक्यानं नगं म्हणली."

पार्वतीबाई मटकन खाली बसली. सोळा वर्षं जिच्या नावानं बोटं मोडली त्या भावजयीचं नाव घेऊन ती हंबरडा फोडून रडली. "सरू! अगं सरू, म्या काय काय बोलले ग तुला!" चांगुणा तिच्याजवळ बसली, दोघींनी एकमेकींच्या गळ्यात हात घातले. दाराशी रांगेतली माणसं डोकावू लागली, नर्सनं पडदा ओढला.

सगळ्यात आधी सावरली ती येसू. ती काकाकडं वळून म्हणाली, "म्हंजे मी पहिलीत नापास झाले, तवा मी साडेपाचचीच व्हते?"

भीमराज मास्तरनं तिला स्वतःच्याच शाळेत, स्वतःच्याच हातानं नापास केलं होतं. त्याला हसू आलं आणि रडूही आलं. "व्हय बेटा. नापास मी व्हायला पायजे व्हतो."

"मग ठीक हाय," येसू म्हणाली.

डॉक्टरांनी तिला पुन्हा जवळ बोलावलं, हातावर हात ठेवला. "हिला काही झालेलं नाही," ते चांगुणाकडं बघून म्हणाले, सगळ्यांत जास्त हे तिलाच ऐकायचंय हे त्यांना समजलं असावं. "गेल्या साली दुष्काळ होता, पोटभर खाणं नाही, त्यानं थोडं मागं पडलंय. दूध द्या, शेंगा-गूळ द्या, डाळ द्या. वर्षभरात बघा कशी वाढते ती. सहा महिन्यांनी आणा मला दाखवायला. औषध नको. आणि लग्नाचं नाव काढू नका." मग त्यांना आठवलं. "शाणी होईल. दोन्ही अर्थानं."

बाहेर आल्यावर पार्वतीबाईनं डोळे पुसून येसूच्या गालावरून बोटं फिरवली, मघाची बाजारातली तऱ्हा आता नव्हती. "मी थांबते ग चांगुणे. दोन वर्षं थांबते. माझ्या मधूला सांगते."

सकाळची चांगुणा असती तर तिनं आनंदानं मान हलवली असती. "तुमी थांबू नका अक्का," ती म्हणाली. "पोर मॅट्रिक होऊ द्या. मग तिलाच इचारू. आणि ते शुक्रवारचं मी येत न्हाई."

"कसलं शुक्रवारचं?" भीमराजनं विचारलं.

"बायकांचं," पार्वतीबाई म्हणाली आणि नाक ओढून आळंदच्या गाडीकडं चालू लागली. चार पावलांवरून परत आली, येसूच्या हातात दह्याची उरलेली बरणी दिली, "खा!" असं दटावून म्हणाली आणि गेली.

स्टँडवर भालकीची गाडी लागायची होती. बाकावर पिराजी एका टोकाला बसला होता, पटका मांडीवर, डोकं उघडं. चांगुणाला त्याचा राग यायला हवा होता. आलाही होता थोडा. पण राग धरायला बसलं की दुसरंच काही मनात येत होतं. आजपर्यंत तिला वाटायचं, येसू हातची चालली. सोळा झाली, सतरा झाली, आज नाही तर उद्या जाणार. आता एकाएकी कुणीतरी तिच्या ओंजळीत दोन वर्षं वरची टाकली होती. दोन वर्षं वेण्या घालायच्या. दोन वर्षं पोर घरात. ज्यानं चोरून ठेवली त्यानंच परत आणून दिली, आता भांडायचं कुणाशी?

येसू आजोबाला टेकून बसली.

"आज्जा, ती माझ्यासारखी दिसायची का?"

"न्हाई ग. ती गोरी व्हती. तू माझ्यासारखी काळी."

"मग माझा दिवस कवा धरायचा?"

सोळा वर्षं एकाच तारखेला चिकटून बसलेल्या माणसाला दुसरी तारीख ठाऊकच नव्हती. "ज्वारी निसवून दाणा भरला व्हता," तो म्हणाला. "सरूला हुरडा खावासा वाटायलाय म्हणून बळीराम कणसं आणायला गेला व्हता. परत आला तर तू."

"मग हुरड्याचाच धरू. दसरा तिचा ऱ्हाऊ दे," येसू म्हणाली. पिराजीनं पटक्याच्या टोकानं तोंड पुसलं, बराच वेळ पुसत राहिला.

गाडी आली. तीच सकाळची, तोच कंडक्टर. सिद्धराम साखरेची पोती टपावर चढवून घामेजून आत आले आणि मागच्या सीटवर बसले, मेहकरची बाकीची माणसंही आपापल्या जागी आली. गाडी हुमनाबादच्या रस्त्याला लागली तसा कंडक्टर एकेक तिकीट फाडत पिराजीपाशी येऊन थांबला. येसूचे पाय सीटवरून तसेच लोंबकळत होते. या वेळी ती ते हलवत बसली होती.

"काय अज्जा, हिचं फुल ना? सतरावं लागलंय ना?" कंडक्टरनं डोळे मिचकावले आणि मागची माणसं नागपूरची वाट बघू लागली.

"फुलच," पिराजी म्हणाला. "पर चौदा."

"चौदा? सकाळी सोळा सरली म्हणत होता की!"

गाडीत हशा पिकला. सिद्धराम पुढं वाकून म्हणाले, "पिराजी, एका दिवसात दोन वर्षं कुठं सांडली बाबा?"

अजून वेळ होती. कंडक्टरची गंमत म्हणून सोडून देता आलं असतं, हसून मारून नेता आलं असतं. भीमराजनं तर "अप्पा, राहू द्या" म्हणून त्याच्या हाताला धरलंसुद्धा. पिराजीनं हात सोडवून घेतला. तो सीटला धरून उभा राहिला आणि मागं वळला, गावाकडं तोंड करून, चावडीसमोर उभा राहिला होता तसाच.

"सिद्धराम, माझ्या दोन नाती व्हत्या," तो म्हणाला. "थोरली तापानं गेली, देवीनं नेली न्हाई. सकाळी म्या दोघींचं मिळून सांगितलं व्हतं. आता हिचं एकलीचं सांगायलोय."

सिद्धरामांनी टोपी काढली. कंडक्टरला काही उलगडा झाला नाही. त्यानं फुल तिकीट फाडलं आणि ते म्हाताऱ्याच्या हातात न देता येसूच्या हातात दिलं.